सांधा आणि हळकुंड

दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत, आंडीज पर्वताच्या एका दरींत, पिसाक नांवाचें लहानसें गांव आहे. वर डोंगराच्या उतरणीवर इंका राजांच्या काळचीं पायऱ्यापायऱ्यांचीं शेतें आणि घडीव पाषाणाच्या वास्तु आहेत. खालीं गांवच्या चौकांत बाजार भरतो. प्रवासी सकाळीं वर चढून जुने दगड पाहतो आणि दुपारीं खालीं उतरून, ते दगड रचणारांच्या वंशजांनीं पिकविलेला मका, नाना रंगांचे बटाटे आणि हातांनीं विणलेलीं लोकरी वस्त्रें पाहतो. जुनी वास्तु आणि जिवंत बाजार एकाच दिवसांत पाहावयास मिळतात, म्हणून लोक हजारों कोस ओलांडून तेथें जातात.

मी कांहीं पेरूला गेलेलों नाहीं आणि या वयांत जाण्याचा संभवहि नाहीं. परंतु असा एक दिवस घालविण्यासाठीं तितकें दूर जावयास नको, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे. आमच्या हिंगोली जिल्ह्यांत सकाळीं औंढा नागनाथाचें देऊळ पाहावें आणि दुपारीं हिंगोलीस किंवा वसमतेस हळदीचा बाजार पाहावा. 'पाहावा' हा शब्द मीं जाणून वापरला आहे. दर्शन घेणें निराळें, खरेदी करणें निराळें आणि पाहणें निराळें. या दोन ठिकाणीं कसें पाहावें हें मला फार उशिरां कळलें, आणि तेंहि एका विद्यार्थ्याकडून. ती हकीकत प्रथम सांगतों.

पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या शाळेची सहल औंढ्यास गेली होती. सहल म्हटली कीं शिक्षकानें व्याख्यान द्यावयाचें, हें ठरलेलेंच. मीं मुलांना देवळासमोर उभें केलें आणि दरवर्षीं सांगत असें तेंच सांगितलें, कीं हें सगळें देऊळ यादवांचा मंत्री हेमाडपंत यानें चुन्याचा कणहि न वापरतां बांधलें. मुलें वहींत उतरून घेऊं लागलीं. त्यांत एक मुलगा असा होता, कीं ज्याचे वडील गांवोगांव हिंडून जात्यांना व पाट्यांना टाकी लावून देत. त्यानें वही मिटली, भिंतीपाशीं जाऊन मान वर केली आणि म्हणाला, "गुरुजी, खाली दगड हायेत, पण वर तर विटा दिसायल्यात. चुना बी हाय. मग हे समदं एकाच माणसानं बांधलं कसं म्हणावं?"

मीं वर पाहिलें. इतकीं वर्षें मी त्या देवळाला नमस्कार करीत आलों होतों. परंतु मान वर करून शिखराचें काम मीं कधीं न्याहाळलेंच नव्हतें. त्या दिवशीं मीं मुलांना तें वाक्य खोडावयास सांगितलें. पण आधींच्या वर्षांच्या मुलांच्या वह्यांत तें तसेंच राहिलें. तीं मुलें आतां मोठीं झालीं आहेत आणि आपल्या मुलांना घेऊन औंढ्यास जात असतील, तेव्हां माझेंच वाक्य म्हणून दाखवीत असतील, ही रुखरुख मला अजून आहे. आजचें भाषण म्हणजे एका अर्थीं त्या वाक्याची दुरुस्ती आहे.

प्रथम हेमाडपंताविषयीं. हेमाद्रि हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या पदरीं मोठा अधिकारी होता. महादेव यादवाची कारकीर्द १२६१ ते १२७१ ही होय. परंतु याच पद्धतीचें अंबरनाथचें शिवमंदिर पाहा. तेथील शिलालेख १०६० सालचा आहे. म्हणजे हेमाद्रीच्या आधीं दोनशें वर्षें महाराष्ट्रांतील कारागीर अशीं देवळें रचीत होते. तेव्हां 'हेमाडपंती' हें एका बांधणीचें रूढ नांव आहे. अमुक देऊळ अमक्यानें बांधलें याचा तो पुरावा नव्हे. औंढ्याचें मूळ दगडी काम यादवकाळचें, साधारणपणें तेराव्या शतकाच्या सुमाराचें मानतात. वरचें विटांचें व चुन्याचें काम पुढच्या काळांतील जीर्णोद्धाराचें आहे. मूळ देवळाचा वरचा भाग औरंगजेबाच्या वेळीं पाडला गेला असें परंपरा सांगते, आणि जीर्णोद्धाराचें श्रेय अहल्याबाई होळकर यांना दिलें जातें. एकाच भिंतीवर खालून वर नजर नेली, तर दोन काळ एकावर एक उभे असलेले दिसतात. आणि जेथें दगड संपून वीट सुरू होते, ती रेघ कोणत्याहि पुस्तकांतील सनावळीइतकीच बोलकी आहे.

आतां खालच्या दगडाकडे वळूं. औंढ्याच्या देवळाची बाहेरील भिंत सरळ जात नाहीं. ती पुढें येते, मागें जाते, पुन्हां पुढें येते. त्यामुळें देवळाचा आराखडा ताऱ्याच्या कोनांसारखा दिसतो. या वळणांचा उपयोग केवळ शोभेपुरता नाहीं. सकाळच्या तिरप्या उन्हांत प्रत्येक कोन आपली सांवली शेजारच्या भागावर टाकतो आणि काळ्या पाषाणांतील देवदेवतांच्या व सुरसुंदरींच्या मूर्ति उठून दिसूं लागतात. म्हणून देऊळ पाहावयाचें तर सकाळीं किंवा उतरत्या उन्हांत पाहावें. भर दुपारीं सारी भिंत एकरंगी होते. शिवलिंग मात्र जमिनीखालच्या ठेंगण्या गाभाऱ्यांत आहे. तेथें अरुंद वाटेनें वांकून उतरावें लागतें. बारा ज्योतिर्लिंगांपैकीं नागेश कोणता, याविषयीं द्वारकेजवळील आणि हिमालयांतील जागेश्वराचे भाविक आपापला दावा सांगतात. त्या वादांत शिरण्याचें आपल्याला कारण नाहीं.

खरें पाहण्यासारखें आहे तें दोन दगडांमधला सांधा. हा दगड म्हणजे दख्खनचा काळा फत्तर; सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं ज्वालारस थिजून तो झाला. तो फोडणें कठीण, घडविणें त्याहून कठीण. पण एकदां त्याचीं दोन तोंडें टाकीनें तासून सपाट केलीं आणि एकावर एक बसविलीं, कीं वरच्या दगडाचें वजनच खालच्याला जखडून ठेवतें. कोठें एका दगडाला खांच आणि दुसऱ्याला तीत बसणारी जीभ, कोठें दोहोंमध्यें खुंटी, अशी योजना असते. छतहि कमानीवांचून सांधलेलें असतें. चौकाच्या कोपऱ्यांवर आडवे दगड ठेवून मोकळी जागा लहान करावयाची, त्यावर पुन्हां आडवे दगड ठेवावयाचे आणि शेवटीं उरलेलें तोंड एका शिळेनें झांकावयाचें. अशा भिंतीच्या सांध्यावरून नख फिरवून पाहावें. जेथें मूळ काम शाबूत आहे, तेथें नख अडत नाहीं.

पेरूमधील इंका कारागिरांनींहि चुन्याशिवाय अशाच भिंती रचल्या. त्यांच्याजवळ लोखंड नव्हतें. ते कठीण दगडाच्या गोट्यांनीं दगड ठोकून घडवीत. आमच्या कारागिरांनीं दगडाचे समतल थर रचले, तर त्यांच्या कित्येक भिंतींतील दगड बहुकोनी असून कोड्याच्या तुकड्यांसारखे एकमेकांत बसविलेले आहेत. इंकांच्या राजधानींत, कुस्को येथें, त्यांच्या सूर्यमंदिराच्या भिंतींवर स्पॅनिश लोकांनीं आपला ख्रिस्ती मठ उभारला होता. २१ मे १९५० रोजीं तेथें मोठा भूकंप झाला. मठाचें काम ठिकठिकाणीं ढांसळलें आणि त्याच्या आड दडलेल्या इंकांच्या भिंती उभ्याच्या उभ्या दृष्टीस पडल्या.

आम्हां मराठवाड्यांतील लोकांना या गोष्टीचें मर्म अधिक कळावें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीस भूकंप झाला आणि हजारों माणसें आपल्याच घरांच्या दगडांखालीं गेलीं. तो दगडहि काळाच होता. पण तो न घडविलेला, मातींत रचलेला आणि वर मातीचें जड छत घेतलेला होता. २०२४ सालीं, २१ मार्चला आणि पुन्हां १० जुलैला, आमच्या हिंगोली जिल्ह्यांतहि ४.५ प्रतीचे धक्के बसले; भांडीं खडखडलीं आणि लोक घराबाहेर धांवले. किल्लारीसारख्या धक्क्यांत औंढ्याचें देऊळ टिकेल, असें मी म्हणत नाहीं. तें सांगणें तज्ज्ञांचें काम आहे. मला सांगावयाचें आहे तें इतकेंच, कीं दगड तोच असला तरी वास्तूचें आयुष्य सांध्यावर ठरतें. आणि म्हणूनच, जुन्या देवळांच्या भिंतींवर भक्तिभावानें तैलरंग चढविलेला आणि सांध्यांत सिमेंट भरलेलें पाहिलें, कीं जीव हळहळतो. अंगावर आलेलें पाणी दगडी भिंत आपल्या सांध्यांवाटे बाहेर टाकीत असते. सिमेंटानें तें आंत कोंडतें. आणि रंगाच्या थराखालीं दगड आहे कीं वीट, जुनें काम आहे कीं नवें, हें पुढच्या कोणत्याहि मुलाला विचारतां येणार नाहीं.

देवळाच्या मागच्या बाजूस नंदी आहे. नंदी देवासमोर असावयाचा, तो पाठीमागें कसा, असें प्रत्येक मूल विचारतें. त्याचें उत्तर भाविक लोक कथेनें देतात. नामदेव महाराज देवळासमोर कीर्तन करीत होते. त्यांना तेथून उठवून मागें घालविलें, तेव्हां देऊळच त्यांच्याकडे फिरलें आणि नंदी पाठीमागें राहिला. नामदेवांना विसोबा खेचरांचा उपदेश झाला तोहि येथेंच, असें परंपरा मानते. दगडाचा सांधा पाहण्यास सांगणारा मी, ही कथा टाकून द्या असें मुळींच म्हणणार नाहीं. भिंत केव्हां बांधली हें सांगण्यासाठीं ती कथा नाहीं. देवापुढें उभें राहण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचें उत्तर सामान्य जनांनीं शेंकडों वर्षें त्या कथेंत जपून ठेविलें आहे. कथेला कथेचा प्रश्न विचारावा आणि दगडाला दगडाचा.

नामदेवांचें जन्मस्थान मानलें जाणारें नरसी हें गांव याच जिल्ह्यांत कयाधू नदीच्या कांठीं आहे. नामदेवांचीं ६१ पदें शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत समाविष्ट असल्यामुळें पंजाबांतील यात्रेकरूहि तेथें येतात. आणि हिंगोली शहरांतील हळदीच्या बाजाराच्या आवारालाहि संत नामदेवांचेंच नांव दिलेलें आहे. औंढ्याहून हिंगोली सुमारें २५ किलोमीटर. तेव्हां आपणहि आतां देवळांतून बाजारांत येऊं.

फाल्गुन-चैत्रापासून पुढें या आवारांत जावें. दारापासूनच हळदीचा उग्र, मातकट सुगंध येतो. पोत्यांच्या थप्प्या, पिंवळ्या धुळीनें माखलेले हमाल, काट्याजवळचे मापाडी, वहीवर मान घालून बसलेले अडते, आणि ढिगामागून ढीग ओलांडीत बोली बोलणारे खरीददार! नवख्या माणसाला वाटतें कीं येथें नुसता गलका आहे. पण या गलक्याच्या मागें एका कुटुंबाचें जवळजवळ वर्ष उभें असतें.

हळदीचें बेणें ज्येष्ठ महिन्याच्या सुमारास लावतात. आठनऊ महिने तें जमिनींत वाढतें. पानें वाळलीं कीं कंद काढावयाचे. मग मधले गड्डे निराळे आणि बोटांसारखीं हळकुंडें निराळीं करावयाचीं. त्यानंतर शिजवणी. पूर्वीं हें काम मोठ्या काहिलींत होई, आतां बहुधा वाफेच्या यंत्रांत होतें. काडी टोंचून ती सहज आरपार गेली, म्हणजे हळद शिजली. पुढें दहा-पंधरा दिवस कडक उन्हांत वाळवणी, आणि शेवटीं फिरत्या पिंपांत घालून वरची खरबरीत साल घांसून काढणें. शंभर किलो ओल्या हळदीची वाळून वीस-पंचवीस किलोच उरते. म्हणजे बाजारांतील ढीग शेतांतल्या ढिगाच्या पांचव्या हिश्शाइतका असतो, आणि खर्च मात्र सगळ्या ढिगाचा झालेला असतो. वसमतेच्या हळदीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें या मुलखाच्या जमिनीला आणि या सगळ्या कष्टांना मिळालें असें मी समजतों.

एकदां एका ओळखीच्या शेतकऱ्याबरोबर मी बाजारांत उभा होतों. खरीददार त्याच्या ढिगाशीं आला, आंत हात घालून तळचें एक हळकुंड त्यानें काढलें आणि दोन बोटांत धरून मोडलें. 'खट्' असा आवाज झाला. त्यानें तुटलेलें तोंड उन्हाकडे धरलें, क्षणभर पाहिलें आणि बोली बोलला. मीं शेतकऱ्याच्या तोंडाकडे पाहिलें. हळकुंड मोडेपर्यंत त्यानें श्वास रोखून धरला होता. मला परीक्षेच्या निकालाला उभी असलेलीं मुलें आठवलीं.

मागाहून त्यानेंच मला ती परीक्षा समजावून सांगितली. नीट वाळलेलें हळकुंड धातूसारखा आवाज करून तुटतें. ओलें असेल तर तें वांकतें. तुटलेलें तोंड आंतपर्यंत सारखें नारिंगी-पिंवळें असावें. फिकट किंवा काळवंडलेलें असेल, तर कोठें तरी चूक झाली आहे. भोंकें दिसलीं तर कीड. "वरून समद्याचीच पिवळी दिसती, गुरुजी," तो म्हणाला, "मोडल्याबिगर काय बी कळत नाही." मला एकदम त्या मुलाची आठवण झाली. पंचवीस-तीस वर्षांच्या अंतरानें मला दोघांनीं एकच धडा शिकविला होता.

आणि जो दोष देवळाच्या भिंतीवर, तोच येथेंहि आहे. वाईट हळद खपविण्यासाठीं तिला रंग फांसणारे लोक आहेत. शिशाचें क्रोमेट नांवाचा पिंवळा रंग कांहीं ठिकाणीं हळदीला लावलेला आढळला आहे. तो विषारी असून लहान मुलांच्या मेंदूला त्यापासून फार अपाय होतो. मेटॅनिल यलो हा दुसरा बंदी असलेला रंग. सच्च्या शेतकऱ्याची हळद आंतून चांगली असून वरून साधी दिसते आणि रंगविलेली हळद तिच्या शेजारीं बसून तिचा भाव पाडते, हें त्यांतील दुसरें पाप.

गृहिणींनीं घरीं एक साधी परीक्षा करावी. पेलाभर पाण्यांत चमचाभर हळदपूड टाकून न ढवळतां ठेवावी. चांगली हळद तळाशीं बसत जाते आणि पाण्याला हलकासा पिंवळा रंग येतो. पाणी तात्काळ गडद पिंवळें झालें तर संशय घ्यावा. ही परीक्षा सर्वच भेसळ ओळखूं शकत नाहीं. त्याहून चांगला उपाय म्हणजे पूड न घेतां सबंध हळकुंडें घ्यावीं, मोडून पाहावीं आणि घरीं कुटावीं किंवा डोळ्यांदेखत दळून आणावीं. आपल्या आज्या तेंच करीत. हळदींत चुना मिसळला कीं ती तांबडी होते, आणि त्याच गुणावर जुन्या पद्धतीचें कुंकू तयार होई, हेंहि मुलांना करून दाखवावें. देव्हाऱ्यांतील दोन्हीं करंड्यांचें रसायन त्यांना एका मिनिटांत समजेल.

वेळ उरला तर परततांना वाटेवरच्या एखाद्या आठवडी बाजारांत उतरावें. विळेखुरपीं, मातीचे माठ, टोपल्या, ज्वारीच्या राशी आणि पालाखालचीं गरम भजीं, असा तो बाजार असतो. तेथें मुलांना एक कोडें घालावें: नामदेव महाराजांच्या काळीं या बाजारांत काय काय नसेल? मिरची नसेल. बटाटा, भुईमूग, टोमॅटो, सीताफळ यांपैकीं एकहि वस्तु नसेल. या सर्व वनस्पति मूळच्या अमेरिका खंडांतील. दर्यावर्दी पोर्तुगीज वगैरे लोकांबरोबर त्या सोळाव्या शतकापासून पुढें आपल्याकडे आल्या. बटाटा तर थेट आंडीज पर्वतांतला. इंकांच्या मुलखांतलें तें मुख्य अन्न. नामदेवांच्या आईच्या भाजींत तिखटपणा असेल तो मिऱ्याचा किंवा आल्याचा. हळद मात्र तेव्हांहि होतीच. पिसाकच्या बाजारांतला बटाटा आपल्याकडे येऊन इतका आपला झाला, कीं एकादशीच्या उपासालाहि चालूं लागला!

असो. श्रोतेहो, सुट्टींत आपण मुलांना घेऊन दूरदूरचीं स्थळें पाहावयास जातां, अवश्य जा. परंतु एक दिवस आमच्या औंढ्यासाठीं ठेवा. दर्शन झाल्यावर लगेच गाडींत बसूं नका. देवळाला एक प्रदक्षिणा नमस्काराची करा आणि दुसरी नुसती पाहण्याची करा. मुलांना भिंतीपाशीं नेऊन सांध्यावरून नख फिरवूं द्या. दगड कोठें संपतो आणि वीट कोठें सुरू होते, तें त्यांचें त्यांना शोधूं द्या. बाजारांत त्यांच्या हातीं एक हळकुंड देऊन तें मोडूं द्या. त्यांनीं कांहीं विचारलें आणि उत्तर ठाऊक नसलें, तर 'ठाऊक नाहीं' असें म्हणा. मीं त्या एका जागीं चुकीचें उत्तर पुष्कळ वर्षें दिलें. ज्यांच्या वह्यांत तें अजून असेल, त्यांच्यापैकीं कोणी आज ऐकत असतील, तर त्यांनीं तें कृपा करून खोडावें.